प्रयत्न, प्रारब्ध आणि फळाची आस : बाबांच्या आजारपणानंतर पडलेले प्रश्न

ओंजळ

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून टाकते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझ्या बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. त्यानंतर ते एकोणीस महिने होते. त्या एकोणीस महिन्यांत सकाळ-संध्याकाळ त्यांच्या उजव्या हाताचा व्यायाम मी घेत असे. आधी खांदा, मग कोपर, मनगट आणि शेवटी एकेक बोट. झटक्यानंतर काही आठवड्यांनी स्नायू आखडायला लागतात, मूठ आपोआप वळते. ती जोर लावून उघडायची नसते. मनगट हलकेच आतल्या बाजूला वाकवलं की बोटं जराशी सैल पडतात, तेव्हा करंगळीपासून सुरुवात करायची. उशाशी एक वही होती. तारीख, काय केलं, किती वेळा केलं. सातव्या महिन्यात अंगठ्याचं टोक तर्जनीला टेकलं. क्षणभरच. बाबांनी माझ्याकडे न बघता पुन्हा करून पाहिलं, टेकलं नाही. तिसऱ्यांदा टेकलं. वहीत त्या दिवशी "टेकलं" एवढाच शब्द आहे.

पुढे चमचा धरण्यापर्यंत मजल गेली. गिळण्याचा त्रास मात्र राहिलाच. घास श्वासनलिकेत गेला तर छातीत संसर्ग होईल हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. मान किंचित पुढे झुकवून, पातळ पदार्थ दाट करून, हळूहळू भरवत होतो. तरी न्यूमोनिया झाला. दुसऱ्यांदा झाला तेव्हा आठ दिवसांत बाबा गेले.

नंतर भेटायला आलेले नात्यातले एक वडीलधारे म्हणाले, "तू खूप केलंस गं. पण त्यांचं प्रारब्धच तेवढं होतं. कुणी काहीही केलं असतं तरी तेवढंच व्हायचं होतं." समजूत घालायलाच बोलले ते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण माझ्या आत काहीतरी तुटलं. तेवढंच व्हायचं होतं, तर ते एकोणीस महिने काय होते? दुसऱ्या एकांनी गीतेची आठवण करून दिली, फळाची आशा धरायची नसते म्हणून. मी तर धरली होती. रोज सकाळी ती मूठ हातात घेताना आज एक बोट जास्त उघडेल अशी आशा होती, म्हणून तर उठत होते. ते चुकलं का माझं?

तर प्रश्न दोन आहेत. सगळं ठरलेलं असेल तर प्रयत्नाला अर्थ काय? आणि फळाची आस न ठेवता कुणी जीव तोडून काही करू शकतं का?

नुसतं सांत्वन नको. खरंच समजून घ्यायचंय.

कोरं पान

ताई, "टेकलं" या शब्दापाशी थांबले. मला उत्तर ठाऊक नाही, पण धागा वाचत राहणार आहे.

वाटसरू

ओंजळताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातल्या श्लोकापासून सुरुवात करतो, कारण तो अर्धाच सांगितला जातो. दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक चार चरणांचा आहे. टिळकांनी गीतारहस्यात या चार चरणांना कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटलंय. कर्मावर तुझा अधिकार आहे. फळावर कधीच नाही. फळ हाच हेतू धरून कर्म करणारा होऊ नकोस. आणि चौथा, जो सांगताना हमखास गळतो: मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि. काहीच न करण्याची ओढही नको. ज्या श्लोकाचा आधार घेऊन माणसं हातावर हात ठेवून बसतात, त्याच श्लोकाचा शेवट त्यांना उठवतो.

दुसरं म्हणजे 'अधिकार' हा शब्द. बाबांनी बरं व्हावं असं वाटूच नये, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. बरं होणं तुमच्या एकटीच्या ताब्यातलं नाही, एवढंच म्हटलंय. वाटणं वेगळं आणि ताबा वेगळा.

आता पहिला प्रश्न. याचं उत्तर मला दुसऱ्या अध्यायापेक्षा अठराव्यात जास्त नीट सापडलं. चौदाव्या श्लोकात कुठलंही कर्म पुरं व्हायला पाच कारणं सांगितली आहेत. अधिष्ठान म्हणजे आधार, कर्ता, करणं म्हणजे साधनं, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. तुमच्याच गोष्टीला लावून बघा. बाबांचं शरीर, ज्यात मेंदूचा एक भाग कायमचा निकामी झाला होता, ते अधिष्ठान. तुम्ही आणि बाबा कर्ते. हात, चमचा, ती वही ही करणं. करंगळीपासून बोट उघडणं ही चेष्टा. या चारांपलीकडे जे उरतं ते दैव.

लगेच सोळाव्या श्लोकात म्हटलंय की असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. मला यातून जे कळलं ते सांगतो. "तेवढंच व्हायचं होतं" म्हणणारा माणूस पाचही वाटे पाचव्याच्या पदरात टाकतो. "मी अजून काळजी घेतली असती तर बाबा वाचले असते" असं रात्री दोनला वाटतं तेव्हा आपण पाचही वाटे दुसऱ्या कारणाच्या, म्हणजे कर्त्याच्या, पदरात टाकतो. चूक दोन्हीकडे एकच आहे, हिशेबाची. तुम्ही हे दुसरं लिहिलं नाहीत, पण वाटत असावं असं मला वाटलं. चुकत असेन तर क्षमा करा.

ओंजळ

चुकत नाही आहात. दोन नाही, साडेतीन.

निरंतर

मी थोडं वेगळं मांडतो, ताईंना दुखवायचा हेतू नाही.

प्रारब्ध हा शब्द इथे खलनायक होतोय. आपल्या परंपरेत कर्माचे तीन भाग मानतात. संचित म्हणजे आजवर साठलेलं, प्रारब्ध म्हणजे त्यातलं फळ द्यायला सुरुवात झालेलं, आणि क्रियमाण म्हणजे आत्ता घडतंय ते. भात्यातला बाण, सुटलेला बाण आणि धनुष्यावर चढवलेला बाण. सुटलेला बाण परत घेता येत नाही. आत्मज्ञान झालेल्यालाही प्रारब्ध भोगूनच संपवावं लागतं, असं शंकराचार्यही मानतात. म्हणून 'प्रारब्ध होतं' हे वाक्य मला निर्दय वाटत नाही. माझ्या आयुष्यात एका फार वाईट काळात त्याच वाक्यानं मला झोप लागू दिली. "ठेविलें अनंतें तैसेंचि रहावें, चित्तीं असों द्यावें समाधान" असं तुकोबाच म्हणतात. त्यांच्याहून जास्त सोसलेला माणूस कोण? दुष्काळात बायको गेली, मूल गेलं. ते सांगतात तेव्हा ते पुस्तकी राहत नाही.

जे झालं ते झालं असं मनापासून स्वीकारलं की पुढचं पाऊल उचलता येतं. एवढंच म्हणायचंय.

पाऊलखुणा

निरंतर, तुम्हाला त्या वाक्यानं आधार दिला याचा मला आनंद आहे. पण स्वतःच्या दुःखाला आपण लावलेलं प्रारब्ध आणि दुसऱ्याच्या दुःखाला बाहेरून लावलेलं प्रारब्ध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं औषध होऊ शकतं. दुसऱ्यात नकळत एक आरोप येतो, की तुमच्या बाबांनी कधीतरी काहीतरी केलं असणार. आजारी माणसाच्या घरात हा आरोप उभा करण्याचा हक्क कुणालाच नाही, असं मला अगदी ठामपणे वाटतं.

आणि हे आजचं, आधुनिक मत म्हणून सांगत नाही. संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथात मोळियसीवक नावाचा एक परिव्राजक बुद्धांना नेमकं हेच विचारतो. माणसाला जे सुख-दुःख होतं ते सगळं पूर्वकर्मानंच होतं असं काही जण म्हणतात, आपलं म्हणणं काय? बुद्ध आठ कारणं मोजून दाखवतात. पित्तानं वेदना होते, कफानं होते, वातानं होते, तिन्ही एकत्र बिघडल्यानं होते, ऋतू पालटल्यानं होते, शरीराची निगा नीट न राखल्यानं होते, अचानक झालेल्या आघातानं होते. कर्मविपाक, म्हणजे पूर्वकर्माचं फळ, हे आठवं. आणि पुढे म्हणतात की सगळंच पूर्वकर्मामुळे म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाला माहीत असलेल्या सत्याच्याही पलीकडे जातात.

मला यात सगळ्यात मोलाचं काय वाटतं, तर प्रश्न अध्यात्माचा आणि उत्तराची सुरुवात पित्तापासून. मेंदूची रक्तवाहिनी बंद पडली किंवा फुटली, घास चुकीच्या वाटेनं गेला, ही कारणं खरी कारणं आहेत. त्यांना मागे ढकलून आठव्याला पुढे आणायची घाई कशासाठी?

त्याच काळात मक्खलि गोसाल नियतिवाद शिकवत होते. दोऱ्याचा गुंडा फेकला की उलगडत उलगडत संपेपर्यंत जातो, तसा प्रत्येक जीव ठरलेले जन्म घेऊन संपतो, बळ नाही, वीर्य नाही, पुरुषार्थ नाही. बौद्ध ग्रंथांत त्यांचं मत असंच दिलंय. आजीविकांचे, म्हणजे गोसालांच्या पंथाचे, स्वतःचे ग्रंथ उरले नाहीत, त्यामुळे त्यांची बाजू आपल्याला विरोधकांच्या तोंडूनच कळते, हेही लक्षात ठेवायला हवं. बुद्धांनी या मताला केसांच्या कांबळ्याची उपमा दिली. थंडीत गार, उन्हात गरम, अंगावर घ्यायला खरखरीत.

वाटसरू

पाऊलखुणा, तो दाखला उत्तम. त्यालाच जोडून ग्रीकांकडचा एक सांगतो, कारण त्यातलं उदाहरण आजाऱ्याचंच आहे. त्यांच्याकडे एक युक्तिवाद होता, नावच 'आळशी युक्तिवाद'. बरं होणं नशिबात असेल तर वैद्य बोलावला काय न बोलावला काय, तू बरा होशील. नसेल तर दोन्ही परी होणार नाहीस. म्हणून वैद्य बोलावण्यात अर्थ नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला ख्रिसिपस हा स्टोइक तत्त्वज्ञ कट्टर नियतिवादी होता, तरी त्यानं हे खोडून काढलं. सिसेरो या रोमन लेखकाच्या लिखाणातून ते आपल्यापर्यंत आलंय. त्याचं म्हणणं असं की काही गोष्टी जोडीनं ठरलेल्या असतात. बरं होणं ठरलेलं असेल तर वैद्याला बोलावणंही त्यातच ठरलेलं असतं. एक काढून दुसरं उरत नाही.

म्हणजे अगदी सगळं ठरलेलं आहे असं धरून चाललं, तरी ताईंचे एकोणीस महिने फुकट जात नाहीत. अंगठा टेकला तो त्या हातांतूनच टेकला. नियतीला तो टेकवायचाच असेल, तरी तिच्यापाशी दुसरा रस्ता नव्हता.

निरंतर

हे मला पटलं. आणि माझ्या बाजूचंच एक विसरलो होतो. योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला सांगतात की दैव म्हणून बाहेरून कुणी येत नाही. आधीचा पुरुषार्थ आणि आत्ताचा पुरुषार्थ हे दोन एडके एकमेकांशी टक्कर घेतात, ज्याचं बळ कमी तो हरतो. म्हणजे प्रारब्धही प्रयत्नच आहे, फक्त जुना. पाऊलखुणांचा दुसऱ्याला लावण्याबद्दलचा मुद्दा मान्य. तसं मी कुणाच्या घरी बोललो असेन पूर्वी. इथून पुढे नाही बोलणार.

तुकोबांबद्दल मात्र एक पुस्ती जोडतो. "ठेविलें अनंतें" म्हणणाऱ्यांनीच "ओलें मूळ भेदी खडकाचें अंग" म्हटलंय. कोवळं मूळ खडक फोडतं, अभ्यासानं असाध्य ते साध्य होतं. एकाच माणसाची ही दोन वचनं भांडत नाहीत, कारण पहिल्यात समाधान चित्तात ठेवायला सांगितलंय. हात बांधायला सांगितलेले नाहीत. त्या अभंगाचा शेवटही "वाहूं हा संसार देवापायीं" असाच आहे. भार देवावर घालून संसार त्याच्या पायी अर्पण करायचा आहे, काम सोडा असं तिथेही म्हटलेलं नाही.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. पित्तापासून सुरू होणारं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण मला दोनदा वाचायला लावलं.

पाच कारणांचं पटलं. आता माझा पहिला प्रश्न तितकासा टोचत नाही. दुसरा मात्र तसाच आहे. वाटसरूदादा, वाटणं वेगळं आणि ताबा वेगळा हे वाचायला सोपं आहे. पण सकाळी सहा वाजता, रात्रभर झोप नसताना, मला उठवणारी गोष्ट आशाच होती. तिला काढून टाकलं असतं तर मी उठले असते का? खरं सांगायचं तर मला अनासक्ती या शब्दाची भीती वाटते. थंड माणसांचा शब्द वाटतो तो.

सांजवात

ओंजळ, मी पोथ्यांतली नाही. अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, बावीस वर्षं झाली. तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर मला बोलायचंय, कारण तो माझा रोजचा आहे. तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना?

म्हाताऱ्या, सुकलेल्या रुग्णाच्या हातात सलाइनची सुई घालायची असते तेव्हा शीर डोळ्यांना दिसत नाही. ती बोटानं शोधायची. दंडाला पट्टा बांधायचा, डावं बोट त्वचेवर हलकं ठेवायचं आणि थांबायचं. खाली काहीतरी उसळी घेतं, दाबलं की परत वर येतं, ती शीर. सुरुवातीच्या वर्षांत माझी पहिली सुई चुकली की दुसरी हमखास चुकायची. शिरा तर त्याच होत्या. पण दुसऱ्या वेळी माझं बोट शिरेवर नसायचंच. ते असायचं "आता चुकली तर" या विचारावर. रुग्णाचे नातेवाईक बघतायत, वरिष्ठ बघतायत, मी चांगली परिचारिका आहे की नाही याचा निकाल या सुईवर लागणार. हात ताठ व्हायचा आणि ताठ हाताला उसळी कळत नाही.

एका जुन्या सिस्टरनी मला सांगितलं होतं, सुई लागली पाहिजे हे दारात ठेव आणि आत ये. आत आल्यावर फक्त बोट. हे कळायला मला तीनेक वर्षं लागली. त्यानंतर मी कमी काळजीनं सुई लावते का? उलट आहे. आता सगळं लक्ष त्या हातावर असतं, स्वतःवर काहीच खर्च होत नाही.

म्हणून मला वाटतं तू आशा आणि आसक्ती एकच धरून घाबरतेयस. आशेनं तू दारापर्यंत आलीस. ठीकच आहे, सगळेच तसे येतात. पण करंगळी उघडताना तू काय करत होतीस? मनगट वाकवत होतीस, बोट कधी सैल पडतंय याची वाट बघत होतीस. तेव्हा "बाबा बरे होणार की नाही" हे तुझ्या हातात होतं का? असतं तर तू जोर लावला असतास. तू जोर लावला नाहीस हे तूच लिहिलंयस.

अजून एक. फळाची आस सोडणं म्हणजे फळाकडे बघायचंच नाही, असा काहींचा समज असतो. आमच्याकडे तसं केलं तर माणूस दगावेल. ताप उतरला का, लघवी किती झाली, रक्तदाब किती, दर तासाला बघावंच लागतं आणि त्याप्रमाणे हात बदलावा लागतो. फळ बघायचं ते पुढचं काम नीट व्हावं म्हणून. आपली किंमत त्याच्यावर लावायची नाही. तुझी वही हेच तर होती.

आणि थंडपणाबद्दल. मी रडते. त्या वेळी नाही, नंतर. कपडे बदलायच्या खोलीत पाच मिनिटं. पूर्वी वाटायचं की हा कच्चेपणा आहे, अध्यात्मात बसत नाही. आता नाही वाटत. तुमच्यापैकी जाणकार सांगतील, गीतेत यावर काही आहे का?

वाटसरू

सांजवातताई, आहे, आणि तुम्ही तेच जगताय. अठराव्याच अध्यायात सव्विसाव्या श्लोकात सात्त्विक कर्त्याचं वर्णन आहे. तो संग सुटलेला, 'मी केलं' न म्हणणारा, यश-अपयशात न ढळणारा. पण त्याच ओळीत तो धृती आणि उत्साह यांनी भरलेलाही आहे. उत्साह! थंड माणसाच्या वर्णनात हा शब्द आला नसता. आणि तिसऱ्या अध्यायात पंचविसाव्या श्लोकात तर सरळ तुलनाच आहे. अज्ञानी माणूस आसक्तीनं जितक्या नेटानं कर्म करतो, तसंच ज्ञान्यानंही करावं, आसक्ती सोडून, लोकांच्या भल्यासाठी. नेट तोच ठेवायचा आहे.

रडण्याबद्दल माझं मत सांगतो, ते शास्त्र म्हणून घेऊ नका. 'निर्विकार' हे विशेषण तिथे सिद्धी आणि असिद्धी यांच्या संदर्भात आलंय. ज्याच्यावर माया केली तो माणूस गेल्याचं दुःख हे असिद्धीचं दुःख नव्हे. काम फसलं म्हणून जीव जळणं वेगळं आणि बाबा आता दिसणार नाहीत म्हणून डोळे भरणं वेगळं. दुसरं सोडायला मला कुणी सांगितलेलं आढळलं नाही.

अक्षरवेळ

मी उशिरा आले, पण एक उतारा इथे आणल्याशिवाय राहवत नाही. गीतेच्या कितीतरी आधी, वनपर्वात, हा सगळा वाद द्रौपदीनं घातलाय. पांडव द्वैतवनात आहेत. सगळं गेलंय, युधिष्ठिर क्षमेबद्दल आणि धर्माबद्दल बोलतोय, आणि ती त्याला सांगते की जो दैवावर विसंबून निजून राहतो तो पाण्यातल्या कच्च्या मडक्यासारखा विरघळतो. मग ती हठ म्हणजे योगायोग, दैव आणि पुरुषार्थ अशी फोड करते. आणि पुढे शेतकऱ्याचा दाखला देते, जो मला संपूर्ण महाभारतात फार जवळचा आहे.

शेतकरी नांगरानं जमीन फोडतो, बी पेरतो आणि मग गप्प बसतो. आता कारण पाऊस. पावसानं कृपा केली नाही, तर शेतकऱ्याचा त्यात दोष नाही. यदन्यः पुरुषः कुर्यात्कृतं तत्सकलं मया. दुसऱ्या कुणी माणसानं जे केलं असतं, ते सगळं मी केलं. तरी पीक आलं नाही, तर अपराध माझा नाही.

ओंजळ, हे वाक्य कुणी बोलावं बघा. जिच्यावर भर सभेत तो प्रसंग गुदरला तिनं. अनासक्ती इथे सगळं मिळालेल्या माणसाच्या तोंडून येत नाही. आणि ती प्रयत्न सोडायला सांगायला हे बोलतच नाहीये, युधिष्ठिराला उठवायला बोलतेय! अपयशाचा दोष माथी घ्यायची भीती गेली की माणूस नांगर धरायला मोकळा होतो, हा तिचा मुद्दा आहे. मी आजवर फलत्यागाकडे 'सोडणं' म्हणून बघत होते. द्रौपदीमुळे कळलं की ती निर्दोष असण्याची परवानगी आहे.

आणि शेवटी ती सांगते की हे ज्ञान तिचं स्वतःचं नाही. तिच्या वडिलांनी एका विद्वान ब्राह्मणाला घरी ठेवून घेतलं होतं. तो ही नीती तिच्या भावांना शिकवायचा. ती काहीतरी कामानं तिथे यायची आणि ऐकत बसायची. कुठे बसून ऐकायची, तेही तिनं सांगितलंय. वडिलांच्या मांडीवर.

पुढे उद्योगपर्वात शिष्टाईला निघताना खुद्द कृष्ण अर्जुनाला जवळजवळ हेच म्हणतो. पुरुषार्थानं जेवढं होईल तेवढं मी करीन, दैवाचं काम मात्र मला कसंही करता येणार नाही. तिथेही शेताचा आणि पावसाचाच दाखला आहे. ज्याला आपण देव म्हणतो तो हे म्हणतो, मग हस्तिनापुरला जातो, सगळं बोलून बघतो, आणि शिष्टाई फसते.

कोरं पान

मांडीवर. हे कधीच ऐकलं नव्हतं. इतक्या वेळा द्रौपदी ऐकली, तरी ही लहान मुलगी कुणी दाखवली नव्हती.

पाऊलखुणा

माझाही हा उतारा वाचायचा राहिला होता. आज शोधतो. "दुसऱ्या कुणी केलं असतं ते सगळं" हे माप मला फार माणुसकीचं वाटलं. 'शक्य होतं ते सगळं' असं माप लावलं तर माणूस कधीच सुटत नाही, काही ना काही शक्य उरतंच. दुसऱ्या एखाद्या चांगल्या माणसानं केलं असतं तेवढं, हे माप पुरं होऊ शकतं.

ओंजळ

काल रात्री वही काढली. बाबा गेल्यापासून उघडली नव्हती. मध्ये एक पान सापडलं जे मला आठवतच नव्हतं. अक्षर बाबांचं, उजव्या हाताचं, वेडंवाकडं, ओळीतून खाली उतरलेलं. माझ्याच नोंदीखाली त्यांनी 'टेकलं' असं लिहून बघितलं होतं. 'ट' नीट आलाय. पुढची अक्षरं कळतात, एवढंच. कधी लिहिलं ते माहीत नाही, मी तिथे नव्हते.

सांजवातताई, अगं-तुगं चालेलच. मी खरंच जोर लावला नव्हता. तू लिहीपर्यंत हे मला माहीत नव्हतं.

अक्षरवेळ, तो उतारा उतरवून घेतलाय. साडेतीनला जाग आली की वाचते. अजून येते जाग. आज वाचून झोपले.

आईला मराठीतलं काही हवंय, संस्कृत तिला परकं वाटतं. काम तडीला न गेल्याबद्दल ज्ञानेश्वरीत काही आहे का, असं ती विचारतेय.

वाटसरू

आहे. दुसऱ्याच अध्यायात, अठ्ठेचाळिसाव्या श्लोकावरच्या ओव्या. माउली आधी म्हणतात की हाती घेतलेलं कर्म सिद्धीला गेलं तर फार हुरळू नये, काही निमित्तानं अडलं तर चडफडू नये. आणि मग :

आचरतां सिद्धी गेलें । तरी काजाची कीर आलें ।
परी ठेलियाही सगुण जहालें । ऐसेंचि मानीं ॥

ठेलियाही म्हणजे मध्येच थांबलं तरी. सगुण म्हणजे चांगलं, गुणाचं. तडीला गेलं तर कामी आलंच, आणि अर्ध्यावर राहिलं तरी ते गुणाचंच झालं असं मान. आईंना त्याच्या पुढची ओवीही ऐकवा, जेवढं कर्म हातून होईल तेवढं त्या आदिपुरुषाला वाहिलं की ते आपसूक पुरं झालं, अशी ती आहे. जेवढं होईल तेवढं, असाच शब्द आहे तिथे. सावकाश, मोठ्यानं वाचा. ओवी डोळ्यांनी वाचली तर निम्मीच कळते.

ओंजळ

वाचते. संध्याकाळी, व्यायामाच्या वेळेला. ती वेळ अजून रिकामीच आहे.